खिळे कुणाच्या हातात?

छापखाना, वर्तमानपत्रं आणि समाज या विषयावर आमच्या पॉडकास्टवर बोलणं झालं की एक प्रश्न हमखास येतो. 'तेव्हा छपाई आली, आता मोबाईल आला. आज कुणीही उठून काहीही बोलू शकतं. मग आपलं आयुष्य सुधारलं की बिघडलं?' अशा वेळी इतिहासवाले लोक 'बाजू अनेक आहेत हो' असं म्हणून सटकतात. या लेखात सटकायचं नाही असं ठरवलंय.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. नवं माध्यम आपल्याला आवाज देतं, यात वाद नाही. पण आवाज मिळाला म्हणून आयुष्य सुधारत नाही. ते सुधारेल की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: ते माध्यम कुणाच्या मालकीचं आहे, बोलणाऱ्याचं दुसऱ्या दिवशी काय होतं, आणि बोललेलं खोटं निघालं तर ते दुरुस्त करायला कोण येतं. या तिन्ही गोष्टी यंत्रात नसतात. त्या माणसांना बाहेरून उभ्या कराव्या लागतात, आणि बहुतेक वेळा त्या यंत्रापेक्षा बऱ्याच उशिरा येतात.

हे नुसतं मत म्हणून सोडून देण्यापेक्षा दोन वर्तमानपत्रांची गोष्ट सांगतो. एक तुमच्या ओळखीचं आहे. दुसरं मी राहतो त्या गावापासून तासा-सव्वातासाच्या अंतरावर निघत होतं.

दोन रकाने, दोन भाषा

६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' निघालं. बाळशास्त्री जांभेकर तेव्हा विशीतले होते. पानावर दोन रकाने, एकात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी. राज्यकर्त्यांना आपलं म्हणणं कळावं आणि आपल्या लोकांना जगातलं ज्ञान कळावं, असा दुहेरी हेतू. ही तारीख आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो, त्यामुळे एवढं सगळ्यांना माहीत असतं.

त्याच्या चार वर्षं आधी, २१ फेब्रुवारी १८२८ रोजी, आजच्या जॉर्जिया राज्यात न्यू एकोटा नावाच्या गावी 'चेरोकी फीनिक्स' निघालं. न्यू एकोटा ही चेरोकी राष्ट्राची राजधानी. अमेरिकेतल्या मूलनिवासींचं हे पहिलं वर्तमानपत्र, आणि तेही दोन भाषांमध्ये: इंग्रजी आणि चेरोकी. संपादक इलायस बुडिनॉट, वय पंचविशीच्या आसपास, मिशनच्या शाळेत शिकलेला. म्हणजे त्याचा नि बाळशास्त्रींचा साचा जवळजवळ एकच. इंग्रजी उत्तम येणारा तरुण, आपल्या लोकांबद्दल तळमळ, आणि राज्यकर्त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं तर ते ऐकतील असा विश्वास.

चेरोकी लिपीची गोष्ट मराठी माणसाला लगेच कळण्यासारखी आहे. सिक्वोया नावाच्या चेरोकी कारागिराने ती १८२१ मध्ये पूर्ण केली. त्याला स्वतःला इंग्रजी वाचता येत नव्हतं. 'गोरे लोक कागदावर बोलतात, मग आपल्यालाही जमलं पाहिजे' एवढ्या जिद्दीवर त्याने एकेका उच्चाराला एकेक चिन्ह दिलं. इंग्रजीसारखी सुटी अक्षरं नव्हेत, आपल्या बाराखडीसारखे अख्खे उच्चार. त्यामुळे चेरोकी बोलणाऱ्या माणसाला ती फार लवकर शिकता यायची. शाळा नाही, फळा नाही, तरी काही वर्षांत हजारो लोक वाचू लागले. आज ज्याला आपण 'एखादी गोष्ट व्हायरल झाली' म्हणतो, ते या लिपीचं झालं होतं.

आता या दोन गोष्टींमधला दुवा. 'फीनिक्स'चे खिळे बोस्टनमध्ये ओतून आले. ते ओतून घेण्यासाठी सॅम्युअल वूस्टर नावाच्या मिशनऱ्याने खटपट केली आणि त्याची संस्था होती 'अमेरिकन बोर्ड' हे मिशन. याच बोस्टनच्या बोर्डाची माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली होती, आणि १८१७ मध्ये त्यांनी मुंबईत मराठी छपाई सुरू केली. त्याच १८१७ साली बोर्डाने चेरोकी मुलखातही आपलं ठाणं उभारलं. बोर्डाच्या 'मिशनरी हेरल्ड' या मासिकात मुंबईहून आलेली पत्रं आणि चेरोकी मुलखातून आलेली पत्रं छापून येत. बोस्टनमधल्या वाचकाच्या दृष्टीने आपण आणि चेरोकी एकाच यादीतले होतो: अजून उजेडात न आलेले लोक.

मुंबईत अमेरिकन मिशनची छपाई पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१ मध्ये छापील पंचांग आणलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील कागदाला शिवत नसत. तेव्हा गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली, असं सांगतात. पाहुण्यांचं यंत्र आपल्या घरात कसं आणायचं, याचं हे नमुनेदार उदाहरण. चेरोकींनीही तेच केलं. फरक हा, की चेरोकी राष्ट्राने छापखाना स्वतःच्या पैशांनी, राष्ट्राच्या मालकीचा म्हणून उभा केला. मिशनने मदत केली, मालकी मात्र घेतली नाही. १८२८ मध्ये जगातल्या फार थोड्या वसाहतपीडित समाजांना हे जमलं होतं.

१८३५

'फीनिक्स'ने आपलं काम चोख केलं. जॉर्जिया राज्याला चेरोकींची जमीन हवी होती. १८२९ च्या सुमारास तिथे सोनं सापडल्यावर तर धीरच सुटला. राज्याने चेरोकींचे कायदे रद्दबातल ठरवले, गोऱ्या माणसाविरुद्ध चेरोकीची साक्ष कोर्टात चालणार नाही असा कायदा केला. मे १८३० मध्ये अमेरिकेच्या संसदेने मूलनिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा मंजूर केला. 'फीनिक्स' हे सगळं छापत होतं, त्याला उत्तरं देत होतं, आणि दूरदूरच्या संपादकांना अंक पाठवत होतं. तेव्हा वर्तमानपत्रं एकमेकांना अंक पाठवत आणि एकमेकांचा मजकूर उचलत. त्यामुळे न्यू एकोटात छापलेली ओळ न्यूयॉर्कच्या वाचकापर्यंत पोचत होती. सहानुभूतीची लाट आली, सभा झाल्या, अर्जविनंत्या झाल्या.

कोर्टातही विजय मिळाला. जॉर्जियाचा परवाना न घेता चेरोकी भागात राहतो म्हणून वूस्टरला अटक करून चार वर्षांच्या सक्तमजुरीवर पाठवलं होतं. मार्च १८३२ मध्ये, म्हणजे 'दर्पण' निघून दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चेरोकी मुलखात जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. याहून स्पष्ट निकाल मागूनही मिळाला नसता. जॉर्जियाने तो धुडकावला. वूस्टर पुढचे दहा महिने तुरुंगातच राहिला आणि त्याच १८३२ साली राज्याने चेरोकींच्या जमिनीचे १६० आणि ४० एकरांचे तुकडे पाडून त्यांची लॉटरी काढली. लोक चिठ्ठ्या उचलत होते आणि कुणाच्या तरी शेताचे, घराचे, फळबागेचे मालक होत होते.

आता १८३५ साल बघा. त्या वर्षी हिंदुस्थानात चार्ल्स मेटकाफ या हंगामी गव्हर्नर जनरलने छापखान्यांवरची परवान्याची बंधनं उठवली. कंपनी सरकारच्या, म्हणजे उघडउघड परक्या आणि निवडून न आलेल्या सरकारच्या राज्यात 'दर्पण' मोकळेपणाने निघू शकत होतं. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, जिथे अभिव्यक्तिस्वातंत्र्य १७९१ पासून राज्यघटनेत लिहिलेलं होतं त्या देशात, जॉर्जियाच्या शिपायांनी न्यू एकोटातला 'फीनिक्स'चा छापखाना खिळ्यांसकट उचलून नेला.

घटनेचं काय झालं मग? ती पहिली दुरुस्ती तेव्हा फक्त केंद्रातल्या संसदेला बांधत होती, राज्यांना नाही. जॉर्जियाला तिचा काही अडथळाच नव्हता. कागदावर स्वातंत्र्य होतं, पण ज्याच्या हातात बंदूक होती त्याला ते लागू नव्हतं.

१८३८ मध्ये लष्कराने चेरोकींना घराघरातून बाहेर काढलं. सुमारे सोळा हजार माणसं पश्चिमेला हाकलली गेली. छावण्यांमध्ये आणि वाटेत सुमारे चार हजार मेली, असा अंदाज सर्रास दिला जातो. मी राहतो ते अल्फारेटा याच रिकाम्या केलेल्या जमिनीवर उभं राहिलं आणि १८५८ मध्ये त्याला सनद मिळाली. या नावाबद्दल दोन मतं आहेत. कुणी ते ग्रीक 'अल्फा'वरून आलं म्हणतात. कुणी म्हणतात, १८४० च्या दशकातल्या एका लोकप्रिय गाण्यात अल्फाराटा नावाची काल्पनिक इंडियन मुलगी आहे, तिच्यावरून. दुसरं मत खरं असेल, तर खऱ्या माणसांना घालवून गावाला गाण्यातल्या मुलीचं नाव दिलं गेलं.

एक आवाज की अनेक?

इथवर गोष्ट सोपी आहे: बलाढ्य राज्य आणि चिमुकलं वर्तमानपत्र. पण 'फीनिक्स' राज्याने बंद पाडायच्या आधी आतूनच फाटलं होतं. माझ्या मते आजच्या आपल्या प्रश्नाशी खरा संबंध त्या फाटण्याचा आहे.

१८३२ मधला कोर्टाचा विजय पाण्यात गेल्यावर बुडिनॉटचं मत बदललं. आपण इथे टिकू शकत नाही, तेव्हा निदान चांगल्या अटींवर जमीन सोडावी, असं त्याला वाटू लागलं. ते छापावं, लोकांनी त्यावर वाद घालावा, ही त्याची मागणी. मुख्य जॉन रॉस म्हणाला, चालणार नाही. वर्तमानपत्र राष्ट्राचं आहे, वेढा पडलेला असताना त्यात दोन सूर निघाले तर शत्रूला फट मिळेल. बुडिनॉटने ऑगस्ट १८३२ मध्ये राजीनामा दिला. रॉसने त्याच्या जागी आपला मेहुणा नेमला. पैशाअभावी मे १८३४ मध्ये अंक थांबला.

दोघांपैकी कुणाला वेड्यात काढण्याची सोय नाही. रॉसची भीती खरी होती आणि बहुसंख्य चेरोकी त्याच्या बाजूला होते. बुडिनॉटचं म्हणणंही खरं होतं: लोकांपासून वाईट बातमी लपवणारं पत्र लोकांचं कसं? पण जो वाद पानावर व्हायचा तो पानाबाहेर गेला आणि तिथे त्याने वेगळं रूप घेतलं. डिसेंबर १८३५ मध्ये बुडिनॉट आणि मूठभर लोकांनी, राष्ट्राचा अधिकार हाती नसताना, जमीन सोडण्याच्या तहावर सह्या केल्या. सुमारे पंधरा हजार चेरोकींनी त्याविरुद्ध अर्ज केला. सेनेटने तो बाजूला सारून तह मंजूर केला. जून १८३९ मध्ये पश्चिमेच्या नव्या मुलखात बुडिनॉटचा त्याच्याच लोकांनी खून केला.

छापखाना उचलायला आलेल्या जॉर्जियाच्या शिपायांना मदत करणाऱ्यांत बुडिनॉटचा भाऊ होता, हेही नोंदवून ठेवतो. रॉस तो छापखाना टेनेसीत हलवायच्या बेतात होता.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर चित्र अर्धवट राहील. चेरोकी राष्ट्रातल्या सधन घरांकडे कृष्णवर्णीय गुलाम होते. १८२७ च्या त्यांच्या राज्यघटनेने या माणसांना मताचा हक्क नाकारला होता. ज्यांचा आवाज दाबला जात होता त्यांच्याच घरात दुसऱ्या कुणाचा आवाज दाबला जात होता. हे मराठी माणसाला नवीन वाटायला नको.

आपल्याकडचे फॉरवर्ड

कारण आपल्याकडेही खिळे थोड्यांच्याच हातात होते. 'दर्पण'पासून 'केसरी'पर्यंतच्या पत्रांनी मोठं काम केलं, पण ती कुणाची होती हे लपून राहिलेलं नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' काढलं, तेव्हा त्याची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊनही छापली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पत्राच्या नावातच सगळं आलं. पुढे 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहून भरले. दुसऱ्याच्या खिळ्यांवर आपलं दुःख छापून येत नाही हा धडा तिथे होता. चेरोकींनी तो १८२८ मध्ये ओळखला होता, आपल्याकडच्या बहुजन चळवळीनेही १८७७ च्या 'दीनबंधु'पासून ओळखला होता.

दुसरा धडा कोल्हापूरचा. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले. वर्षभरात त्यांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले: हे धाकट्या महाराजांचा, चौथ्या शिवाजींचा, छळ करताहेत, त्यांना वेडे ठरवताहेत. पुरावा म्हणून बर्व्यांची म्हणून मिळालेली पत्रं छापली. ती पत्रं बनावट निघाली. आजच्या भाषेत सांगायचं तर टिळक आणि आगरकरांनी खातरजमा न करता फॉरवर्ड केलं होतं. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं.

पण गंमत अशी, आणि ती फारशी हसण्यासारखी नाही, की पत्रं खोटी असली तरी महाराजांचे हाल खोटे नव्हते. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत, हा विशीतला राजा मेला. दुःख खरं, पुरावा खोटा. आपल्या मोबाईलवर रोज जे येतं त्यातलं बरंचसं याच जातीचं असतं, म्हणून ते चटकन पटतं.

मात्र १८८२ मध्ये एक गोष्ट होती जी आज नाही. छापणाऱ्याचं नाव अंकावर होतं. ज्याची बदनामी झाली तो कोर्टात जाऊ शकला, पत्रं तपासली गेली, छापणारे जबाबदार धरले गेले. शिक्षा बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवा. खोट्याची चौकशी करायला एक जागा होती.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात ती जागा नव्हती. आठवडी बाजाराचा दिवस होता. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भटके भिक्षेकरी तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज त्या काळात व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरत होते. तेव्हा देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतून कापून काढलेला होता. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारलं. त्यानंतर कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली आणि अफवांपासून सावध राहा म्हणून वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. नव्या माध्यमाचं खोटं निस्तरायला जुन्या माध्यमाचं पान विकत घ्यावं लागलं. मर्यादा घालणं कंपनीला आधीही शक्य होतं. पाच माणसं मेल्यावर ते सुचलं.

त्या पाच जणांबद्दल 'ऑनलाइन अभिव्यक्ती' हा शब्द वापरून बघा. ज्यांनी मेसेज पाठवले त्यांना अभिव्यक्ती होती. ज्यांच्याबद्दल पाठवले त्यांना 'आम्ही ते नाही' एवढंही कुणाला ऐकवता आलं नाही.

आणि बोलल्यानंतर काय होतं, त्याचं उदाहरणही महाराष्ट्रातलंच आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाईक केल्या. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला. यातून पेटलेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द झालं. देशातल्या सगळ्यांच्या बोलण्याला याचा फायदा झाला. पण कलम रद्द झालं म्हणून दवाखान्यावर दगड मारणारा हात थांबतोच असं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. बोलण्याचं स्वातंत्र्य राज्याकडून मिळतं आणि शेजाऱ्याकडूनही मिळावं लागतं.

अल्फारेटाचा आजचा ग्रुप

आता पुन्हा माझ्या गावाकडे येतो. अल्फारेटा स्वतःला 'दक्षिणेचं तंत्रज्ञान शहर' म्हणवतं. इथे डेटा सेंटरं आहेत, सॉफ्टवेअर कंपन्या आहेत, आणि त्यामुळे भरपूर मराठी घरं आहेत. प्रत्येकाच्या फोनमध्ये दहा-बारा ग्रुप: मराठी शाळेचा, ढोल-ताशाचा, इमारतीतला, पुण्याच्या शाळेतल्या वर्गाचा. आजीला नातवाचं रांगणं रोज दिसतं, हे काही लहान सुख नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इथे आलेल्यांना विचारा, फोनकार्डावर मिनिटं मोजत बोलायचे. या बाबतीत आयुष्य सुधारलं, आणि त्यात पण-बिण काही नाही.

पण या ग्रुपांमध्ये गेल्या वर्षापासून एक नवी गोष्ट दिसते. कुणी राजकारणावर काही लिहितं आणि दोन मिनिटांत तिथे 'हा मेसेज डिलीट केला आहे' असं उरतं. कारण सगळ्यांना माहीत आहे. २०१९ पासून अमेरिकेच्या व्हिसा अर्जात मागच्या पाच वर्षांतल्या समाजमाध्यमांच्या खात्यांची माहिती द्यावी लागते. जून २०२५ मध्ये विद्यार्थी आणि संशोधक ज्यांवर येतात त्या एफ, एम आणि जे व्हिसांच्या अर्जदारांनी ती खाती सार्वजनिक ठेवावीत असा आदेश निघाला. डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी आणि एच-फोरही त्यात आले. कुणी बोलायला बंदी केलेली नाही. फक्त बोललेलं वाचलं जाईल, एवढंच सांगितलंय. ज्याचं घर, नोकरी, मुलीची शाळा एका शिक्क्यावर अवलंबून आहे, त्याला एवढं पुरतं.

त्यामुळे एकाच ग्रुपमध्ये दोन प्रकारची माणसं झाली आहेत. नागरिकत्व मिळालेले काका हवं ते लिहितात. व्हिसावरची मुलगी अंगठा वर करण्याआधीही विचार करते. दोघांच्या हातात तोच फोन, तेच ॲप, तोच वेग. माध्यम दोघांना सारखं मिळालंय, स्वातंत्र्य सारखं मिळालेलं नाही. न्यू एकोटाची आठवण यायला आणखी काय हवं? चेरोकींनाही छापखाना मिळाला होता.

आमची परिस्थिती चेरोकींसारखी आहे असं म्हणणं मात्र बेशरमपणाचं ठरेल. आम्हाला कुणी संगिनीच्या टोकावर घराबाहेर काढत नाही, आणि आम्ही राहतोय ती जमीन त्यांची होती. साम्य फक्त एवढ्यापुरतं आहे: पायाखालची जागा पक्की नसेल तर हातातलं माध्यम कितीही नवं असलं तरी माणूस मोजूनमापूनच बोलतो.

मग करायचं काय? इतिहासकाराने उपाय सांगू नयेत असा संकेत आहे, तरी दोन गोष्टी म्हणतो. ज्यांचे पाय पक्के आहेत त्यांनी आपल्या मोकळेपणाचा उपयोग स्वतःचीच मतं मोठ्याने मांडायला न करता, ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या बाजूने बोलायला करावा. आणि ग्रुपवर येणाऱ्या मजकुराला निदान १८८२ इतकी तरी चौकशी असावी: पाठवणाऱ्याला 'हे कुठून आलं?' असं विचारणं उद्धटपणा समजला जाऊ नये. काकांनाही विचारावं.

'चेरोकी फीनिक्स' आजही निघतं. ओक्लाहोमातल्या टॅलिक्वा या चेरोकी राष्ट्राच्या आजच्या राजधानीतून, कागदावर आणि इंटरनेटवरही. सिक्वोयाची लिपी २०१० पासून आयफोनमध्ये आहे, नातवंडं आजीला तिच्या अक्षरांत मेसेज पाठवू शकतात. नव्या माध्यमाने एका मरणपंथाला लागलेल्या भाषेला हात दिला आहे, हे मान्य करायलाच हवं.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती २००० सालची नोंद. त्या वर्षी चेरोकी राष्ट्राच्या कौन्सिलने स्वतंत्र वृत्तपत्राचा कायदा केला. 'फीनिक्स'चा खर्च राष्ट्र करेल, पण त्यात काय छापायचं यात राष्ट्राच्या पुढाऱ्यांनी ढवळाढवळ करायची नाही. बुडिनॉटने मागितलं होतं ते एवढंच होतं. छापखाना त्यांच्याकडे १८२८ मध्ये आला होता. हा कायदा यायला १७२ वर्षं लागली.